धुलाईयंत्र का रुसते?

मंडणगड तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. या दिवसांत वलणीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत आणि शाळेचा गणवेश दमट अंगानेच घालावा लागतो. म्हणूनच धुलाईयंत्राची खरी गरज पावसाळ्यात असते, आणि नेमके याच दिवसांत ते रुसते. दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या गावी असतो आणि मुसळधार पावसात वेळासला किंवा बाणकोटला तो लगेच येईल याची खात्री नसते. मग प्रश्न पडतो, यंत्र बिघडले आहे की आणखी काही?

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा शालेय विज्ञानाचाच एक उत्तम धडा आहे. यंत्राच्या बऱ्याच तक्रारी मुळात यंत्राच्या नसतात. त्याला मिळणारी वीज, पाणी, भोवतालची हवा आणि पायाखालची जमीन यांच्या त्या तक्रारी असतात. लक्षणावरून कारणाकडे जायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची आणि निष्कर्ष काढायचा, ही पद्धत आपण वर्गात शिकवतो. तीच येथे वापरू.

आपल्याकडे सर्रास दिसणारे अर्धस्वयंचलित यंत्र डोळ्यांसमोर ठेवू. त्यात दोन पिंपे आणि दोन मोटरी असतात. एका पिंपाच्या तळाशी कपडे घुसळणारी चकती असते. दुसरे भोकाभोकांचे पिंप वेगाने फिरते. यालाच आपण घरात ‘ड्रायर’ म्हणतो.

मोटर घुमते, चकती फिरत नाही

ही सर्वात नेहमीची तक्रार. आधी कान द्यावा. मोटर फिरल्याचा आवाज येत असेल पण चकती स्थिर असेल, तर मोटर आणि चकती यांना जोडणारा पट्टा सैल झाला आहे किंवा तुटला आहे. मोटर न फिरता नुसतीच ‘घूंऽऽ’ करत असेल, तर तीन शक्यता उरतात.

पहिली शक्यता, काहीतरी अडकले आहे. प्लग काढावा, पाणी सोडून द्यावे आणि चकती हाताने फिरवून पाहावी. ती सहज फिरली नाही, तर खाली नाणे, केसाची पिन किंवा परकराची नाडी सापडण्याचा संभव असतो.

दुसरी शक्यता, विद्युतदाब कमी आहे. घरातला दाब २३० व्होल्ट असावा अशी अपेक्षा असते. प्रवर्तन मोटरीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दाब १६० व्होल्टपर्यंत उतरला तर तो मूळ दाबाच्या सुमारे ७० टक्के राहतो, पण पीळ ४८ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी होतो. पाण्याने जड झालेले कपडे मग मोटरीला हलवत नाहीत. पूर्वी पिवळा पडलेला दिवा दाब उतरल्याची खूण देत असे. आजचे एलईडी दिवे दाब बराच उतरला तरी तसेच उजळतात. म्हणून छताच्या पंख्याकडे पाहावे. तो मंदावला असेल, तर यंत्र दुपारी किंवा पहाटे चालवून पाहावे. तेव्हा ते बिनतक्रार चालले, तर दोष यंत्रात नाही.

तिसरी शक्यता, धारित्र निकामी झाले आहे. मेकॅनिक त्याला कपॅसिटर म्हणतो. एका फेजच्या विजेने मोटरीत निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र स्वतः फिरत नाही, ते जागच्या जागी कमीजास्त होते. अशा क्षेत्राकडे आपण उलटसुलट फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांची बेरीज म्हणून पाहू शकतो. दोन्ही बाजूंनी सारखेच ढकलले, तर मोटर सुरू कुठल्या बाजूला होणार? धारित्रामुळे दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाह पहिल्याशी कालांतराने पुढेमागे होतो, ही बरोबरी मोडते आणि दिशा ठरते. दाब ठीक आहे, चकती हाताने मोकळी फिरते, तरीही मोटर घुमतेच, असे असेल तर संशय धारित्रावर घ्यावा. ते बदलणे सोपे आणि स्वस्त असते, पण ते काम जाणकारानेच करावे, कारण प्लग काढल्यावरही धारित्रात विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

कारण कोणतेही असो, घुमणारी मोटर काही सेकंदांतच बंद करावी. अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि तिची वेटोळी जळतात.

नळ उघडा, पण यंत्रात पाणी नाही

ही तक्रार पूर्ण स्वयंचलित यंत्राची. पाणी आत घेणारी त्याची झडप विजेने उघडते असे आपण म्हणतो, पण वीज फक्त एक बारीक छिद्र मोकळे करते. रबरी पडदा उचलण्याचे आणि पुन्हा घट्ट बसवण्याचे काम पाण्याचाच दाब करतो. बऱ्याच यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत त्यासाठी किमान ०.३ बार दाब मागितलेला असतो. पाण्याच्या १० मीटर उंचीचा दाब सुमारे १ बार, म्हणून ०.३ बारला ३ मीटर उंची हवी.

कोकणातील बैठ्या कौलारू घराशेजारी टाकी पुष्कळदा कमी उंचीच्या चौथऱ्यावर असते. टाकीतली पातळी झडपेपेक्षा दीड मीटरच वर असेल, तर दाब ०.१५ बार भरतो. शहरात उत्तम चालणारे यंत्र येथे पाणी घेत नाही, किंवा झडप नीट न मिटल्याने बंद असतानाही थेंब थेंब गळते. उपाय एकच, टाकी उंच करणे किंवा दाब वाढवणारा छोटा पंप बसवणे. टाकी उंच असूनही पाणी येत नसेल, तर नळी सोडवून झडपेच्या तोंडाशी असलेली जाळी पाहावी. पावसाळ्यात ती तांबड्या गाळाने भरते.

पाणी बाहेर जात नाही ही उलट तक्रार. अर्धस्वयंचलित यंत्रातले पाणी बहुधा फक्त गुरुत्वाकर्षणाने बाहेर जाते. निचऱ्याच्या नळीचे तोंड मोरीच्या कठड्यावर ठेवले, की पाणी आतच राहणार.

ड्रायर थडथडतो

ड्रायरचे पिंप मिनिटाला सुमारे १,३०० फेरे घेते. त्याची त्रिज्या १२ सेंटिमीटर धरली, तर कडेच्या कपड्यावर गुरुत्वाच्या सुमारे २२५ पट त्वरण येते. पूर्ण स्वयंचलित यंत्रातले मोठे पिंप २५ सेंटिमीटर त्रिज्येचे आणि ७०० फेऱ्यांचे असेल, तर हाच आकडा सुमारे १३५ पट येतो. छोट्या ड्रायरमधून कपडे अधिक कोरडे का निघतात, ते यावरून कळेल.

या बळाची दुसरी बाजू अशी, की अर्धा किलो ओला टॉवेल एकाच कडेला बसला, तर पिंपाच्या आसावर सुमारे ११० किलो वजनाइतके बळ येते आणि तेही सेकंदाला एकवीस वेळा दिशा बदलत. यंत्र नाचते ते यामुळे. कपडे सोडवून सगळीकडे सारखे दाबून बसवावेत आणि वर प्लॅस्टिकची चकती ठेवावी. एकटी जाड चादर घालू नये, समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचे कपडे हवेत. मग यंत्राचे चारही पाय जमिनीला टेकतात का, ते पाहावे. खडबडीत जांभ्यावर किंवा सारवलेल्या जमिनीवर यंत्र डळमळतेच, तेथे सपाट फरशी घालावी.

पिंप मुळीच फिरत नसेल, तर झाकण नीट बसले आहे का हे आधी पाहावे. झाकण उघडताच मोटर बंद होऊन ब्रेक लागतो, अशी सोय मुद्दाम केलेली असते.

ड्रायर असूनही कपडे वाळत नाहीत

येथे नावाने घोटाळा केला आहे. आपला ड्रायर कपडे वाळवत नाही, फक्त पाणी झटकतो. धाग्यांच्या आत उरलेले पाणी बाष्पीभवनानेच जाते आणि ते काम हवेचे आहे.

२७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २६ ग्रॅम बाष्प मावते. पावसाळ्यात किनारपट्टीची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असली, तर जागा उरली २.६ ग्रॅमची. कपड्यांत एक लिटर पाणी असेल, तर ते सामावून घ्यायला सुमारे ३८५ घनमीटर हवा लागेल. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते, म्हणजे जवळजवळ ११ खोल्यांतली हवा झाली. त्याच तापमानाला आर्द्रता ४० टक्के असती, तर दोन खोल्यांतली हवासुद्धा पुरली असती. बाष्पीभवनाने हवा गार होते, म्हणून प्रत्यक्षात याहूनही जास्त हवा लागते. बंद खोलीतले कपडे का वाळत नाहीत, ते या गणितात आहे. दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, कपड्यांत अंतर ठेवावे आणि पंखा लावावा. पंखा हवा कोरडी करत नाही, पण कपड्याला चिकटलेला दमट थर हलवतो.

आणखी एक हिशोब पाहा. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते. १५० वॉटची ड्रायरची मोटर पाच मिनिटे फिरली, तर जेमतेम ०.०१२५ युनिट वीज खर्च होते. म्हणून पावसाळ्यात ड्रायर एकदा फिरवून थांबू नये. कपडे हलवून पुन्हा फिरवावेत. झटकता येईल तेवढे पाणी झटकणे सर्वात स्वस्त.

गरम हवेचा खरा ड्रायर आपल्याकडे कमी घरांत आहे. त्याची युक्ती अशी, की ९० टक्के आर्द्रतेची २७ अंशांची हवा ५० अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २६ टक्के होते. या हवेने उचललेले बाष्प नळीने घराबाहेर सोडावे लागते. असा ड्रायर वेळ लावू लागला, तर तंतू अडवणारी जाळी आणि बाहेरची नळी तपासावी. साठलेले तंतू पेटूही शकतात.

वास आणि डाग

उशिरा वाळलेल्या कपड्यांना येणारा कुबट वास जिवाणूंमुळे येतो. २०१२ साली जपानी संशोधकांनी त्यामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू प्रामुख्याने असल्याचे दाखवले. त्याला वाढायला ओल आणि वेळ लागतो. धुऊन झालेले कपडे पिंपात रात्रभर ठेवणे म्हणजे त्याला दोन्ही देणे. यंत्राचे झाकणही वापरानंतर उघडे ठेवावे.

जांभ्याच्या प्रदेशातले पाणी सहसा मृदू असते. तेथे पावडर कमी पुरते. जास्त घातली, तर फेस पिंपाभोवती साठून त्याची गती मंदावते आणि कपड्यांत उरलेला साबण वासाला आमंत्रण देतो.

पांढरे गणवेश तांबूस पडण्याचे कारण मातीतले आणि पाण्यातले लोह. हा डाग ब्लीचने जात नाही. उलट विरघळलेल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तो अधिक पक्का होतो. लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल चोळून स्वच्छ धुतल्यास तो फिका होतो. मात्र आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हाताला झिणझिण्या येतात

आतापर्यंतच्या तक्रारींत फार तर यंत्र जाईल. या तक्रारीत माणूस जाऊ शकतो. न्हाणीघरात किंवा मागच्या पडवीत ओल्या अनवाणी पायांनी आपण यंत्राला हात लावतो. शरीरातून एक मिलीअँपिअर प्रवाह गेला तर झिणझिण्या येतात. दहाच्या पुढे पकडलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या पुढे जीव धोक्यात येतो.

यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा अशी योजना असते. पण कातळावर अर्थिंगचा खड्डा नीट लागत नाही. कोरड्या जांभ्याचा रोध मोठा असतो. समजा, अर्थिंगचा रोध २० ओहम आहे. ओहमच्या नियमाने प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर. १६ अँपिअरचा फ्यूज यावर उडणारच नाही. फ्यूज शाबूत आणि यंत्राचा पत्रा मात्र जिवंत!

म्हणून केवळ फ्यूजवर विसंबू नये. आरसीसीबी नावाची कळ मुख्य फळ्यावर बसवून घ्यावी. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. यंत्राखाली उंदरांनी तारा कुरतडल्या नाहीत ना, हे प्लग काढून पाहावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड आणि दापोली परिसरात विजेचे खांब कोसळले आणि गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी यंत्राचा प्लग काढून ठेवावा. वीज परतल्यावर दाब स्थिर झाला आहे, हे पंख्यावरून पाहूनच तो लावावा. झिणझिणी जाणवली, तर त्याला हात न लावता मुख्य कळ बंद करावी आणि वायरमन येईपर्यंत यंत्र वापरू नये.

वर्गात काय करता येईल?

घरच्या विजेशी मुलांना खेळू देऊ नये. पण विजेशिवाय करण्यासारखे पुष्कळ आहे. दोन सारखे रुमाल भिजवून, पिळून, वजन करून एक बंद खोलीत आणि एक वाऱ्यावर टांगावा व दर अर्ध्या तासाने दोन्हींचे वजन घ्यावे. दोन तापमापक घेऊन एकाच्या फुग्यावर ओली चिंधी गुंडाळावी आणि दोन्ही तापमानांतील फरकावरून त्या दिवसाची आर्द्रता काढावी. विहीर, नळ आणि पाऊस यांचे पाणी तीन बाटल्यांत घेऊन, साबणाचे सारखे थेंब घालून, फेसाची उंची मोजावी. टाकीची पातळी आणि नळ यांमधले अंतर मोजून मुलांनी आपापल्या घरचा पाण्याचा दाब काढावा.

आणि एक प्रश्न मुलांनी घरी जाऊन विचारावा. आपल्या घरी आरसीसीबी आहे का? ज्या घरांतून ‘नाही’ असे उत्तर येईल, त्या घरांच्या पालकांशी शिक्षकांनी अवश्य बोलावे.