हिरव्या वाटाण्यांचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ताऱ्यांवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु विश्वातही जमाखर्च असतो आणि तो तपासण्यात आपल्या पुणे जिल्ह्याचा वाटा आहे, म्हणून हे धाडस.

२००७ साली 'गॅलेक्सी झू' या उपक्रमात आकाशाची छायाचित्रे चाळणाऱ्या हौशी स्वयंसेवकांना काही हिरवे, वाटोळे ठिपके आढळले. त्यांना 'हिरवे वाटाणे' हेच नाव पडले. त्या होत्या लहान, घट्ट दीर्घिका. आपल्या आकाशगंगेत (कन्नड विभागातील मित्र तिला 'क्षीरपथ' म्हणतील) वर्षाला एक-दोन सूर्यांएवढ्या द्रव्याचे तारे जन्मतात. वाटाण्याचे वस्तुमान तिच्या शतांशाच्या आसपास, तरी तेथे दहा सूर्यांएवढे!

हा रंग ऑक्सिजनचा. नवे तप्त तारे भोवतालच्या वायूतील ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन हिरावतात आणि तो एका ठराविक रेषेत तेजाळतो. अशा रेषांवरूनच दीर्घिकेत कोणते मूलद्रव्य किती, हे कळते.

आता ताळेबंद पाहू. आरंभीची शिल्लक महास्फोटातली : हायड्रोजन सुमारे ७५ टक्के, हेलियम २५ टक्के. ऑक्सिजन ही ताऱ्यांची कमाई. मोठे तारे काही दशलक्ष वर्षांतच स्फोट पावून ती वायूत जमा करतात. म्हणजे एवढी उलाढाल असलेल्या पेढीत ऑक्सिजन भरपूर हवा. प्रत्यक्षात त्याचे प्रमाण सूर्यातल्याच्या सुमारे एक पंचमांश! कारणे दोन संभवतात. स्फोटांच्या झोताने कमाई बाहेर उडून जात असेल, किंवा बाहेरून ताजा हायड्रोजन येऊन मूळ भांडवल वाढत असेल.

थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही; तो २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींतून ओळखतात. जुन्नर तालुक्यात खोडद येथे अशा लहरी टिपणारी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आहे. तिने २०१२ साली वाटाण्यांचे रेडिओ तेज टिपले. २०२२ साली तिच्या साहाय्याने एका वाटाण्याच्या हायड्रोजनचा नकाशा प्रसिद्ध झाला, तेव्हा ही दीर्घिका शेजारणीत विलीन होत असल्याचे दिसले. निदान त्या पेढीत तरी ताऱ्यांची लगबग या भागीदारीने सुरू झाली असावी.

वेब दुर्बिणीने २०२२ पासून पाहिलेल्या अतिप्राचीन दीर्घिकांपैकी काहींचे वर्णपट या वाटाण्यांसारखेच आहेत. म्हणून हे वाटाणे विश्वाच्या बालपणाचे जवळचे नमुने ठरतात. वाचकहो, आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजनही कोण्या जुन्या ताऱ्याचीच कमाई. आपण तिचे वारसदार. वारसाने हिशेब विचारावा, त्याला शाखेची अट कशाला?