एक साखर कमी

रक्ताच्या थेंबांत ‘ए’विरोधी आणि ‘बी’विरोधी द्रव मिसळले, कुठंच गुठळी धरली नाही, की कार्डावर ‘ओ’ लिहिलं जातं. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण याच चाचणीत ‘ओ’ दिसणारा एखादा माणूस असाही निघतो, की त्याला ओ गटाचीच पिशवी चढवली तर ते जिवावर बेतावं. त्याचा गट ओ नसतोच. तो ‘बॉम्बे’ गटाचा असतो.

डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी मुंबईत असं रक्त पहिल्यांदा ओळखलं. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याची नोंद झाली तेव्हा अशी तीनच माणसं हाती लागली होती. पुढं १९५७मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झालं. आज परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था ती हीच. मुंबईतल्या पाहणीत हे प्रमाण साधारण साडेसात हजारांत एक असं निघालं. युरोपात ते दहा लाखांत एक मानतात.

राज्यात हा गट नेमका कुठं आढळतो याचा माग घेताना रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ही नावं पुढं आली. गिरणगावच्या चाळी कुणी भरल्या हे ठाऊक असलेल्याला त्याचं नवल वाटणार नाही. मुंबईच्या नावानं जगभर गेलेल्या या रक्ताचा एक मोठा झरा चाकरमान्यांच्या गावांकडचा आहे. (१९८१पर्यंत सिंधुदुर्गही रत्नागिरी जिल्ह्यातच होता, त्यामुळं जुन्या नोंदींतली रत्नागिरी पार सावंतवाडीपर्यंत धरायची.)

या रक्तात कमी काय असतं? एक साखर. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला एक विकर ‘फ्यूकोज’ नावाची साखर जोडतं आणि ‘एच’ नावाचा प्रतिजन तयार होतो. ए आणि बी गटाच्या साखरा चढतात त्या या एचवर. ओ गटाच्या माणसात त्यावर काहीच चढत नाही, नुसता एच राहतो. बॉम्बे गटात पायाच घातलेला नाही, मग वरचा मजला कुठून येणार? हे विकर बनवणारं ‘एफयूटी१’ हे जनुक १९व्या गुणसूत्रावर असतं. भारतीय बॉम्बे गटात त्याच्या ७२५व्या जागी टीऐवजी जी हे एकच अक्षर आलेलं आढळतं, आणि शेजारचं ‘एफयूटी२’ तर मुळातच गळालेलं असतं.

एच कधी पाहिलेलाच नसल्यानं या माणसाचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बाळगून असतं. ओ गटाच्या पेशींवर एच सर्वांत जास्त, म्हणून ‘सर्वांना चालणारं’ ओ रक्त याला मुळीच चालत नाही. याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. घरातही त्याचे परिणाम दिसतात. दोष दोन्ही पालकांकडून आला तरच हा गट उमटतो, त्यामुळं आते-मामेभावंडांत लग्नं लावण्याची रीत जिथं होती तिथं त्याची शक्यता वाढते. शिवाय या माणसात ए किंवा बीचं जनुक लपून राहू शकतं आणि पोराच्या रक्तात प्रकट होतं. आईबाप दोघं कागदावर ‘ओ’ आणि मूल ‘बी’, एवढ्यावरून बाईच्या चारित्र्यावर शंका घेणाऱ्यांनी आधी रक्तपेढी गाठलेली बरी.

एवढं सोडलं, तर ही माणसं ठणठणीत असतात. एचवाचून त्यांचं काही अडत नाही. जनुक-संपादनाच्या, म्हणजे जनुकात मुद्दाम हवा तो बदल करण्याच्या, दृष्टीनं सगळ्यात मोलाची माहिती हीच.

२०१२मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी दाखवलं, की जीवाणू विषाणूंशी लढताना वापरतात ते ‘कॅस९’ विकर हव्या त्या ठिकाणी डीएनए कापायला लावता येतं. विकराला जागा दाखवतो आरएनएचा एक तुकडा. त्यातली सुमारे २० अक्षरं डीएनएमधल्या जोडीदार अक्षरांशी जुळली आणि शेजारी ठरावीक छोटी खूण सापडली, की विकर दोन्ही धागे तोडतं. जागा बदलायची तर आरएनए बदलायचा, विकर तेच राहतं. या तंत्राला ‘क्रिस्पर’ म्हणतात. २०१३मध्ये मानवी पेशींत हे जमलं, २०२०मध्ये दोघींना नोबेल मिळालं. तुटलेला डीएनए पेशी घाईनं सांधते, त्यात एखाददुसरं अक्षर गळतं किंवा घुसतं, आणि जनुक बंद पडतं. म्हणजे क्रिस्परला सर्वांत सोपं जाणारं काम जनुक मोडण्याचं. दुरुस्ती त्याहून कितीतरी अवघड.

ब्रिस्टल विद्यापीठात ॲश टोय यांच्या गटानं हेच सोपं काम हुशारीनं वापरलं. तांबड्या पेशी बनवणारी, सतत वाढत राहणारी एक मानवी पेशीमाला तिथं तयार झाली होती. तिच्यातलं एफयूटी१ जनुक त्यांनी क्रिस्परनं बंद केलं, आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला गट ब्रिस्टलच्या काचपात्रात उतरला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आणखी चार रक्तगट-प्रणालींची जनुकंही त्याच पेशींत बंद करून २०१८मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. असं रक्त बॉम्बे गटालाच काय, इतर अनेक दुर्मीळ गटांनाही चालू शकेल. यात एक सोय निसर्गानंच करून ठेवली आहे: पक्व होताना तांबडी पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकते, त्यामुळं कापाकापी झालेला डीएनए रुग्णाच्या अंगात जायचा प्रश्न उरत नाही.

निसर्गात आधीच होऊन गेलेल्या चुकीची नक्कल करायची, ही युक्ती इतरत्रही फळली. काही लोकांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बनत राहतं आणि त्यांना सिकलसेलचा त्रास सौम्य होतो. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटननं मान्य केलेला ‘कॅसजेव्ही’ हा जगातला पहिला क्रिस्पर उपचार तेच साधतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या सिकलसेल रुग्णांना त्या आकड्याचा काय उपयोग? त्यांच्यासाठी पुण्याची बातमी जास्त कामाची. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेनं घडवलेलं क्रिस्पर तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं आहे, आणि सिकलसेलवरच्या त्या उपचाराला नोव्हेंबर २०२५मध्ये बिरसा मुंडांवरून ‘बिरसा १०१’ असं नाव देण्यात आलं.

नक्कल अंगाशीही येते. चीनच्या ह जियानक्वे यांनी एचआयव्हीला अटकाव करणारा युरोपीय लोकांतला एक बदल गर्भांत घडवायचा प्रयत्न केला, २०१८मध्ये जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं आणि तुरुंगात गेले. तिथं बदल पुढच्या पिढ्यांत उतरणारा होता. भारतातही गर्भाच्या अशा संपादनाला मनाई आहे.

ब्रिस्टलचं रक्त मात्र अजून रत्नागिरीच्या सिव्हिलपर्यंत यायचं आहे. एका पिशवीत सुमारे दोन लाख कोटी तांबड्या पेशी असतात. २०२२मध्ये ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी माणसाला पहिल्यांदा टोचल्या, त्याही संपादन न केलेल्या आणि चमचा-दोन चमचे एवढ्याच. तोवर भिस्त दात्यांवर आणि नीट तपासणीवर. रुग्णाचा रक्तद्रव ओ पेशींशी जुळवून पाहिला की बॉम्बे गट तिथल्या तिथं पकडला जातो. एक सापडला तर त्याच्या सख्ख्या भावंडांना आधी बोलवावं. आईबाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक भावंडात हाच गट असण्याची शक्यता चारात एक असते, आणि बाळंतपण किंवा शस्त्रक्रियेच्या आधी हे ठाऊक असलं तर पिशवी वेळेवर जमवता येते.