कुलूप आणि केस पेपर

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रामागे डॉक्टरांचं क्वार्टर आहे. त्याच्या दाराचं कुलूप मी शाळेत असल्यापासून बघतोय. दरम्यान इमारतीला दोनदा रंग लागला, फरशा बदलल्या. कुलूप गंजलं, निघालं मात्र नाही.

1946 मध्ये आरोग्यसेवेविषयीच्या भोर समितीनं अहवाल दिला, त्यातलं लांबचं स्वप्न होतं दहा ते वीस हजार वस्तीमागे 75 खाटांच्या केंद्राचं. केंद्रं उभी राहू लागली 1952 पासून. पुढे हिशेब ठरला तो सपाटीवर तीस हजारांमागे एक, आदिवासी-डोंगरी भागात वीस हजारांमागे एक असा. खाटा बहुतेक ठिकाणी सहाच. स्वप्न आक्रसल्याची खंत फारशी कुणाला वाटली नसावी. फीत काय, सहा खाटांचीही तितक्याच थाटात कापता येते.

2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं पैसा खरोखर खाली आणला. उपकेंद्राच्या हाती किरकोळ खर्चाचा निधी आला. बल्ब-फिनेलसाठी तालुक्याला अर्ज करायला नको. आणि आशाताई आली. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून, घरोघरी जाऊन नवजात बाळं वाचवता येतात हे दाखवलं होतं. 2011 मध्ये ते काम देशभरच्या आशांकडे आलं. माझ्या मते या वीस वर्षांत सर्वांत फळलेला पैसा हाच. आणि नेमका आशाताईलाच पगार नाही, 'मोबदला' आहे.

2014 मध्ये महाराष्ट्रात 108 ही रुग्णवाहिका सेवा आली, 937 गाड्या घेऊन. जीव वाचले, शंकाच नाही. पण आमच्याकडे 'रेफर केलं' म्हणणंही तेव्हापासून सोपं झालं. रात्री कळा सुरू झाल्या की आधी गाडीला फोन, मग सिस्टरला हाक.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बाकीचे जिल्हे ऑक्सिजनच्या टँकरची वाट बघत होते, तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचे प्लांट होते. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी ते आधीच उभारायला घेतले होते. मग सगळीकडेच प्लांट आले. एरवीच्या खर्चाची गोष्ट वेगळी. 2017 च्या आरोग्य धोरणानं 2025 पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करायचं म्हटलं होतं. ते काही जमलं नाही.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचे पैसे लागत नाहीत. परवा खिडकीशी एका आजीनं सवयीनं पदराची गाठ सोडून नाणं पुढे केलं. आतल्या मुलानं ते परत सरकवलं, केस पेपर हातात दिला.

"डॉक्टर बुधवारी येतात, आजी."