संगणकातले शहर आणि वसईच्या विहिरी

दिवाळीच्या सुटीत माझा भाचा विरारहून आमच्याकडे राहायला आला होता. मुलगा नववीतला. दिवसभर संगणकावर 'सिव्हिलायझेशन' नावाचा खेळ खेळत बसायचा, तोही वडिलांच्या काळातली जुनी आवृत्ती. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "मामा, हे बघ ना. माझं शहर दहावर अडकलंय. धान्य आहे, कोठार बांधलंय, तरी लोक वाढतच नाहीत."

पडद्यावर एक सूचना येऊन गेली होती, ती त्याने वाचलीच नव्हती. शहराला जलवाहिनी हवी होती. या खेळात दहाच्या पुढे जायचे तर दूरवरून पाणी आणणारी जलवाहिनी बांधावीच लागते. मी त्याला एवढेच विचारले, "तुमच्या इमारतीत पाणी कुठून येतं?" तो म्हणाला, "टँकरने." मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण मग आमचं शहर कसं वाढलं?"

हा प्रश्न वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. त्यासाठी आधी खेळातले शहर कसे वाढते ते पाहू.

सिड मायर या अमेरिकन खेळरचनाकाराचा हा खेळ १९९१ साली बाजारात आला. तो बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा असतो. घाई नसते, विचाराला वेळ मिळतो. नकाशा चौकटींचा असतो. शहर वसवले की त्याच्या भोवतीच्या २० चौकटी आणि मधली स्वतःची एक, अशा २१ चौकटी त्याच्या वाट्याला येतात. पाच गुणिले पाच चौकटींचा चौरस घ्यायचा आणि चार कोपरे कापून टाकायचे, म्हणजे हा आकार मिळतो. मधली चौकट आपोआप पिकते आणि शहरातला प्रत्येक नागरिक भोवतालची एकेक चौकट कसतो. गवताळ जमीन धान्याचे २ एकक देते, समुद्र १ देतो. जमीन ओलिताखाली आणली की उत्पन्न वाढते. प्रत्येक नागरिक दर पाळीला २ एकक खातो. खाऊन उरलेले कोठारात साठते. कोठार भरले की एक नागरिक वाढतो आणि कोठार रिकामे होते. शहर जितके मोठे तितके पुढचे कोठारही मोठे.

जीवशास्त्राच्या शिक्षकांना यात ओळखीचे काही दिसेल. बशीतल्या जिवाणूंची वाढ आधी मंद, मग झपाट्याने आणि शेवटी पुन्हा मंद होते. आलेख काढला तर आडव्या ताणलेल्या इंग्रजी 'एस' अक्षरासारखा दिसतो. वाढ थांबते ती पातळी म्हणजे त्या परिसराची धारणक्षमता. खेळातल्या शहरालाही अशी मर्यादा आहे. फरक एवढाच की बशीतली वाढ हळूहळू मंदावते, तर या पहिल्या आवृत्तीत दहाव्या नागरिकापाशी दार धाडकन बंद होते. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे दार आठवर आले, आणि बारावर आणखी एक दार बसवले गेले: मैलापाण्याची व्यवस्था. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत शहर नदी-तळ्याकाठी आहे, नुसत्या समुद्रकिनारी आहे की पाण्यापासून दूर, यावर किती घरे मावतील हे ठरू लागले. गोड्या पाण्याकाठी ५, किनाऱ्यावर ३, कोरड्या जागी २. मर्यादा जवळ आली की वाढ निम्मी, मग पाव, आणि शेवटी बंद. म्हणजे पंचवीस वर्षांत खेळ जिवाणूंच्या आलेखाच्या बराच जवळ आला.

आता वसईकडे वळू. खेळाडूला द्यावी अशी ही जागा आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. सोपारा हे प्राचीन बंदर. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे सापडलेला आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. इतका काळ जाऊनही हा भाग मुख्यतः शेतीवाडीचाच राहिला. पश्चिम पट्ट्यात केळी, पानवेली, भाजी, फुले. रहाटाने विहिरीतले पाणी वर यायचे आणि पाटाने वाडीत फिरायचे. वाडीच्या सखल कोपऱ्यात बावखल असे, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे लहानसे तळे. आमच्या आजोळच्या वाडीत ते होते. आम्ही मुले त्यात पोहायचो आणि त्याचा दुसरा काही उपयोग असेल अशी आम्हाला शंकाही आली नव्हती.

खेळाच्या नियमाने या जागी मोठे शहर फार पूर्वीच उभे राहायला हवे होते, कारण शिल्लक धान्य होतेच. पण शिल्लक माल इथे कोठारात राहत नव्हता, तो मुंबईला जात होता. १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकापर्यंत लोकल सुरू झाली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. याच गाडीने पुढे उलट दिशेने माणसे आणली. इथे खेळ आणि वास्तव वेगळे होतात. खेळातले शहर आपल्याच शेतावर वाढते, वसई-विरार मुंबईच्या नोकऱ्यांवर आणि मुंबईत न परवडणाऱ्या घरांवर वाढले. १९९० मध्ये सिडकोला या उपप्रदेशाचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. २००१ च्या जनगणनेत वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिकांची लोकसंख्या मिळून सुमारे पावणेपाच लाख होती. जुलै २००९ मध्ये या चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ मध्ये तिची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली. हद्द बदलल्यामुळे हे दोन आकडे थेट एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. वाढ प्रचंड होती, याबद्दल मात्र शंका नको.

मग धान्याचे काय? ते बाहेरून येते आणि त्यात फारशी अडचण नाही. एका माणसाला दिवसाला धान्य, भाजी, दूध मिळून दीड-दोन किलो पुरते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपल्याकडे माणशी १३५ लिटरचे प्रमाण धरतात, म्हणजे १३५ किलो. जी वस्तू जेवणापेक्षा ७०-८० पट जड आहे ती गाडीत घालून रोज आणणे अवघड. म्हणून आधुनिक शहराची मर्यादा धान्याने ठरत नाही, पाण्याने ठरते. खेळ करणाऱ्यांनी जलवाहिनीची अट का घातली हे मला ठाऊक नाही, पण ती योग्य जागी घातली आहे.

हिशेब मांडून पाहा. १२ लाख २२ हजार गुणिले १३५ म्हणजे दिवसाला सुमारे साडेसोळा कोटी लिटर. लोकसंख्या दुप्पट धरली तर ३३ कोटी. २०११ नंतरच्या जनगणनेचे आकडे अजून हाती नाहीत, म्हणून हे गृहीतच. पण विरारच्या फलाटावर सकाळी उभे राहिलेल्याला ते अवास्तव वाटणार नाही. दुसऱ्या बाजूला पुरवठा: सूर्या नदीवरील धामणी धरणाच्या पाण्यातून दोन टप्प्यांत २० कोटी, उसगावमधून २ कोटी, पेल्हारमधून १ कोटी, पापडखिंडीतून १० लाख. एकूण २३ कोटी १० लाख लिटर. ३३ कोटींच्या हिशेबाने रोज जवळजवळ १० कोटी लिटर कमी पडतात. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोजच्या दहा हजार खेपा. इतके टँकर अर्थातच फिरत नाहीत. काही लोक कमी पाण्यात भागवतात आणि काही इमारती स्वतःच्या कूपनलिकेतून उपसतात.

भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. खेळात मर्यादा आली की वाढ थांबते. खऱ्या शहरात ती थांबत नाही. शहर जमिनीखालच्या साठ्यातून उसने घेते आणि वाढत राहते.

उसने घेतल्यावर काय होते?

जुन्या आवृत्तीत एक गमतीदार नियम आहे. शेत ओलिताखाली आणायचे तर शेजारी पाणी हवे, आणि ते समुद्राचे असले तरी चालते! वसईचा कोणताही शेतकरी हे ऐकून हसेल.

किनाऱ्याच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची १.०२५. म्हणून ४१ मीटर उंचीचा गोड्या पाण्याचा स्तंभ ४० मीटरच्या खाऱ्या स्तंभाला तोलून धरतो. याचा अर्थ असा की विहिरीतली पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल तर गोडे पाणी सपाटीखाली ४० मीटरपर्यंत असते. आता उपसा करून ही पातळी अर्धा मीटर खाली नेली तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा किती वर येईल? अर्धा मीटर नव्हे, २० मीटर. गिबेन आणि हेर्झबर्ग या शास्त्रज्ञांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तो सगळीकडे सारख्या, सच्छिद्र जमिनीसाठी आहे. खडकाच्या भेगांमधून वाहणाऱ्या पाण्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही आणि सीमाही काही वर्षे घेऊन सरकते. पण एकाला चाळीस हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वर्गात हे दाखवता येते. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी फळीवर बसवा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ आणि थोडा रंग घालून ते नळीत भरा. मग एका बाजूने साधे पाणी अगदी हळू सोडा. साध्या पाण्याचा स्तंभ ४१ सें.मी. झाला की दोन्ही बाजूंच्या पातळ्यांत जेमतेम एक सें.मी.चा फरक दिसेल. आता पिचकारीने वरचे थोडे साधे पाणी काढून घ्या आणि रंगीत सीमा कशी वर सरकते ते मुलांना मोजू द्या. नळीत एका बाजूचे पाणी कमी झाले की दुसऱ्या बाजूची पातळीही उतरते. समुद्राची उतरत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूला मिठाचे पाणी घालून ती पातळी कायम ठेवायला विसरू नका, नाहीतर चाळीस पट मिळणार नाही.

बावखलाचा दुसरा उपयोग आता ध्यानात येईल. पावसाचे पाणी तिथे थांबायचे, मुरायचे आणि गोड्या पाण्याची पातळी वर ठेवायचे. वरचे काही सेंटिमीटर खालच्या कित्येक मीटरना आवरून धरत होते. बावखल बुजवून त्यावर इमारत उभी राहिली आणि तिच्यासाठी त्याच पट्ट्यातल्या विहिरीतून टँकर भरला, तर जमा कमी झाली आणि खर्च वाढला. आमच्या आजोळच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ लागू लागले, तेव्हा आजीने मोटारीला दोष दिला होता. ती फारशी चुकली नव्हती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई चळवळीने हिरव्या पट्ट्याचा आणि पाण्याचा प्रश्न लावून धरला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती.

सूर्या प्रादेशिक योजनेचे पाणी २०२३ च्या अखेरीस शहरात येऊ लागले. या योजनेच्या ४० कोटी ३० लाख लिटरपैकी वसई-विरारचा वाटा साडेअठरा कोटी, उरलेला मीरा-भाईंदरचा. २३ कोटी १० लाखांत साडेअठरा कोटी मिळवले तर कागदावर टंचाई संपते. पण खेळाडूला ठाऊक असते की जलवाहिनी बांधली की शहर नव्या मर्यादेपर्यंत वाढू लागते. शिवाय खेळात एक कडक नियम आहे: एक चौकट एकाच वेळी दोन शहरांना कसता येत नाही. धामणीचे धरण मुळात सिंचनासाठी होते आणि त्याचे पाणी शहरांकडे वळवण्याला तिथल्या शेतकऱ्यांनी व आदिवासींनी विरोध केला आहे. चौकट तीच, हक्क सांगणारे दोन.

मैलापाण्याचे दारही आपण असेच उघडे ठेवून पुढे गेलो. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे धरतात. २३ कोटींच्या हिशेबाने ते साडेअठरा कोटी भरते. शहरात अनेक वर्षे बोळिंजचे एकच शुद्धीकरण केंद्र होते, ३ कोटी लिटर क्षमतेचे. राहिलेले कुठे जात असेल हे मुलांनाच नकाशावर शोधू द्या. नाले आणि खाड्या नकाशात आहेत.

आणखी एक गोष्ट जुन्या खेळात नाही, ती म्हणजे ऋतू. तिथे दर पाळीला सारखेच पिकते. आपल्याकडे वर्षाचा दोन मीटर पाऊस चार महिन्यांत पडतो. एक चौरस किलोमीटरवर पडलेला दोन मीटर पाऊस म्हणजे २०० कोटी लिटर, २०११ च्या वसई-विरारला बारा दिवस पुरेल इतका. तो मुरायला जागा नसली की काय होते ते जुलै २०१८ मध्ये दिसले. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, मिठागरांत माणसे अडकली. ज्या शहराला टँकर लागतात तेच शहर पाण्यात बुडाले.

शाळा वसई-विरार परिसरात किंवा कोकणात कुठेही किनाऱ्यालगत असेल तर एक उपक्रम करता येईल. पाच-सहा विहिरी निवडा. समुद्रापासूनचे अंतर नकाशावर मोजा. काठापासून पाण्याची खोली दोरीने मोजा आणि विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणाऱ्या लहान मापकाने वाचन घ्या. हा मापक आता स्वस्तात मिळतो. एकदा मे महिन्याच्या अखेरीस, एकदा ऑक्टोबरमध्ये. उपशाच्या वेळी घेतलेले वाचन आणि सकाळी उपशाआधी घेतलेले वाचन वेगळे येते, तेव्हा वेळ नोंदवायला सांगा. माझ्या भाच्याने या वर्षी तीन विहिरींपासून सुरुवात केली आहे. तिसरीच्या मालकांनी त्याला आधी हाकलले होते, मग मापकात काय दिसते ते पाहायला स्वतःच उभे राहिले.