मातीत उभे केलेले खांब

कच्छची बेंटोनाइट माती पाण्यात टम्म फुगते. तिचे थर पापडांच्या चळतीसारखे, एकेक जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा. मधे पाणी शिरतं. तापवली की पाणी उडतं, चळत पुन्हा बसते. आम्हा रसायनवाल्यांना ती बसू द्यायची नसते.

म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचा. घाई केलीत तर नुसता पांढरा साका! धीर धरलात, तर १३ ॲल्युमिनियम अणूंचा, +७ भाराचा आयन तयार होतो. थर ऋणभारित, मातीतला सोडियम बाहेर ढकलून हा आत शिरतो. मग उरलेलं क्लोराइड काढायला धुणं. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर ते गढूळ व्हायचं थांबेपर्यंत धुवायचं. यासारखं कंटाळवाणं काम दुसरं नाही. शेवटी ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलं, की आयनांचे ॲल्युमिनाचे खांब होतात. क्ष-किरणांनी मोजा: एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं सुमारे एक नॅनोमीटरचं अंतर १.८च्या आसपास गेलेलं दिसेल.

१९७०च्या दशकात तेल महागलं, तेव्हा जड तेलाचे मोठे रेणू फोडायला या मातीवर बरीच भिस्त होती. पण तापलेल्या वाफेत खांब ढासळले. रिफायनरीत झिओलाइट हे आधीचं उत्प्रेरकच टिकलं, आणि ते योग्यच झालं. सांडपाण्यातलं फिनॉल काढायला मात्र ही माती उपयोगी आहे.