घराला चाकं लावताना

मैत्रिणींनो, एक विचारते, खरं खरं सांगा. लांबच्या प्रवासाला निघायचं असलं की आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडणाऱ्या आपल्यात किती जणी? सकाळी चहाचा अर्धा कप, आणि मग थेट मुक्कामाला पोचल्यावरच घसा ओला करायचा. पुरुषमंडळी गाडी कडेला घेतात, झाडाकडं तोंड करतात, झालं! आपण मात्र पंपावरच्या बंद दाराशी उभ्या राहतो. "किल्ली मॅनेजरकडं आहे, ते जेवायला गेलेत" हे ऐकतो आणि मुकाट्यानं परत गाडीत येऊन बसतो.

गेलं वर्षभर आमच्या घरात 'चाकावरचं घर' हा एकच विषय गाजतोय, आणि माझ्या दृष्टीनं त्याचं मूळ या बंद दारात आहे.

माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. शुगर आहे, गुडघे दुखतात. त्यांचं माहेर राजापूरच्या बाजूला, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. सहा वर्षांपूर्वी भावाकडं जाऊन आल्या, जातायेता थेंबभर पाणी प्यायल्या नाहीत. आल्या त्या तापानं फणफणून. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, चार दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "तुम्ही जाऊन या, मी घर राखते." भाऊ ऐंशीचा, तो येऊ शकत नाही. बहीण जाऊ शकत नाही. फोनवर एकमेकांची तोंडं बघायची आणि दोघांनी डोळे पुसायचे.

त्यात आमचा कोडोलीजवळचा प्लॉट विकला गेला. मुलगी नोकरीला लागली होती, डोक्यावर कर्ज नव्हतं. एका रात्री जेवताना हे म्हणाले, "कॅरॅव्हॅन घेऊया का?"

"म्हणजे सिनेमातल्या नट्यांची असती ती गाडी?" सासूबाईंनी विचारलं.

"तसलीच. आत बेड, ओटा, संडास, सगळं."

'संडास' हा शब्द ऐकून सासूबाईंचा घास हातातच राहिला, तो मी पाहिला. म्हणून मी हसण्यावारी नेलं नाही.

यांच्या डोक्यात हे वेड घातलं ते माझ्या मेलबर्नच्या मावसबहिणीनं. तिकडं मोठी गाडी घ्यायची आणि तिच्यामागं कॅरॅव्हॅन जोडायची, अशी पद्धत. खडकाळ रस्त्यासाठीची कॅरॅव्हॅन वेगळी असते. खालची चौकट जाड, चाकं मोठी, जमिनीपासून उंच, टपावर सोलर, पोटात पाण्याच्या टाक्या. या दोघांनी मुलांना घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियातला गिब रिव्हर रोड केला. साडेसहाशे किलोमीटरहून जास्त, बहुतेक मातीचा, धुण्याच्या फळीसारखा खाचाखाचांचा. बहीण सांगत होती, "अगं, संध्याकाळी कपाट उघडलं की तांदळाच्या डब्यावर लाल धूळ. स्क्रू ढिले. रोज मुक्कामाला पोचलं की आधी पाना हातात, मग चहा!"

हे ऐकून आमच्यांना आणखीच चेव आला. पण मी विचारलं, तिकडचा रस्ता सरळसोट, आपल्याकडं घाट. मागं जोडलेली कॅरॅव्हॅन अणुस्कुराच्या वळणावर समोरून लाकडाचा ट्रक आला तर मागं कोण घेणार? ऊसाचा ट्रेलर मागं घेताना गडी काय कसरत करतो ते आपण हंगामात रोज बघतो. तो सरावाचा गडी, तरी घाम गाळतो. यावर हे गप्प झाले. एकसंध गाडीच बघायची, असं ठरलं.

खरं म्हणजे चाकावरचं घर आपल्याला नवीन कुठाय? जोतिबाच्या यात्रेला बैलगाड्या जायच्या, त्यात चूलबोळकी, घोंगडी, दळण असायचं. पंढरीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक म्हणजे अख्खं स्वयंपाकघरच असतं. आणि आमच्या वारणेच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांचा तर सहा महिन्यांचा संसार गाडीवर. पोरं, कोंबड्या, पाण्याचं पिंप सगळं त्यात. साखरशाळेच्या कामासाठी मी त्यांच्या कोप्यांवर जाते. आमच्या कॅरॅव्हॅनची गोष्ट मी तिथं बोलता बोलता सांगितली. एक बाई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "ताई, आमचं बी घर चाकावरच हाय की. मोरी तेवढी न्हाई त्यात." पहाटे अंधारातच उसात जाऊन यायचं आणि मग फडात उभं राहायचं, हा तिचा दिवस. त्या दिवशी घरी येऊन मी यांना सांगितलं, गाडीत टीव्ही, फ्रीज काय हवं ते नंतर बघू. आधी मोरी.

आता थोडं कागदपत्रांचं. कंटाळवाणं आहे, पण वाचाच. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची आणि ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आत फर्निचर ठोकून घ्यायचं, असा स्वस्तातला सल्ला आम्हाला चौघांनी दिला. पण कंपनीनं बनवलेल्या मूळ रचनेत मनासारखा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे तपासून मंजूर झालेली गाडी असेल तर नोंदणी पुस्तकावर 'कॅम्पर व्हॅन' अशी नोंद होते. ती नसेल आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात. म्हणून पैसे देण्याआधी आरटीओत जाऊन विचारायचं. लायसन्सची मात्र चिंता नको. साडेसात टनांपर्यंतची गाडी कारच्याच लायसन्सवर चालवता येते. आपल्या राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, २०२२ मध्ये महिंद्रानं बोलेरोवर बांधायच्या कॅम्परची घोषणा केली. तेव्हापासून चौकशी वाढलीय, आणि अर्थात फसवणारेही.

पुण्याजवळ एका वर्कशॉपमध्ये आम्ही तयार गाडी बघायला गेलो. सासूबाईंना मुद्दाम नेलं. तिथला तरुण मालक यांनाच सगळं दाखवत होता. इंजिन, टपावरचं चांदणीसारखं छत, रंगीत दिवे. मी म्हटलं, "दादा, आधी आमच्या आईंना आत चढू दे." पहिली पायरी जमिनीपासून दीड फूट वर! दोघांनी धरून चढवलं. संडासाचं दार फुटभर रुंद, आत वळायला जागा नाही, हाताला धरायला दांडी नाही. सासूबाई बाहेर आल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "बाळा, ह्यात तुझ्या आईला एकदा बसवून बघ." बिचारा एवढासा झाला. नंतर मात्र त्यानं वही काढली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "ताई, तुम्ही सांगा, काय काय हवं?"

इथं एक गोष्ट कळली, जी कुठल्याच जाहिरातीत नव्हती. या गाड्यांमधला डब्याचा संडास मुळात कागद वापरणाऱ्यांसाठी केलेला. खालचा काढता डबा सुमारे वीस लिटरचा. आपण पाणी वापरणारी माणसं. एका खेपेला दीड लिटर धरा, सहा माणसं धरा, संध्याकाळपर्यंत डबा काठोकाठ. म्हणून आम्ही गाडीच्या पोटात मोठी टाकी मागितली. आणि ती रिकामी कुठं करायची? ऑस्ट्रेलियात गावोगावी त्यासाठी वेगळी जागा असते. इकडं ओढ्यात नाहीतर कुणाच्या बांधाला सोडून द्यायचं, असलं काही चालणार नाही, हे मी स्वच्छ सांगितलं. गावागावात हागणदारीमुक्तीचं भाषण मी देते, आणि माझीच गाडी घाण सोडत फिरणार? जिथं मुक्काम, तिथल्या माणसाला आधी फोन करून विचारायचं, हाच मार्ग.

पाण्याचा हिशेबही कागदावर मांडा. पाच माणसं, दिवसाला प्रत्येकी पंधरा लिटर, म्हणजे पंचाहत्तर. दोन दिवसांचं दीडशे लिटर, म्हणजे दीड क्विंटल वजन! ते गाडीच्या मधोमध, तळाशी हवं. टपावर टाकी ठेवली तर घाटात गाडी झुलते. विजेचं थोडक्यात सांगते. शंभर अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर पंखा, दिवे, मोबाइल आरामात चालतात. इंडक्शन शेगडी नि एसी रात्रभर चालवायचं म्हणाल तर विसरा. गॅससाठी पाच किलोची छोटी टाकी. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून तळाशी जाळीची झडप हवीच. आणि दारं-खिडक्या लावून आत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपायचं नाही. पन्हाळ्याच्या थंडीतसुद्धा नाही.

आता ओट्याचा प्रश्न. हे म्हणाले, "हॉटेलचं खाणं नको, तुझ्या हातची पिठलं-भाकरी खात फिरायचं." मी म्हटलं, "अहो, म्हणजे तुम्ही फिरणार आणि मी घरातलाच ओटा घेऊन तुमच्यामागं फिरणार!" आठवड्याची सुट्टी, त्यात एकवीस वेळचं खाणं, आणि भांडी घासायला घरच्यापेक्षा निम्मं पाणी. बायांनो, इथं गप्प बसू नका. गाडीचा ओटा म्हणजे सुट्टी गेली हे समजा, नाहीतर आधीच वाटणी करा. आमच्यात ठरलंय. सकाळचा चहा-पोहे यांच्याकडं, दुपारी जिथं असू तिथल्या खानावळीत, रात्री खिचडी मी करणार, भांडी मुलगी आणि जावई. टाकी रिकामी करणं हे काम फक्त पुरुषांचं. यावर घरात बरीच बाचाबाची झाली, पण मी हटले नाही.

विकत घेण्याआधी चार दिवस भाड्यानं घ्या, असं प्रत्येकीला सांगेन. आम्ही घेतली, फेब्रुवारीत. भाडं चांगल्या हॉटेलच्या दोन खोल्यांएवढं, डिझेल वेगळं. अणुस्कुरा उतरून पाचलवरून सासूबाईंच्या वाडीला गेलो. वाटेत दोनदा गाडी थांबवली. सासूबाईंनी तांब्याभर पाणी प्यायलं आणि कुणाला न विचारता आतलं दार लावून घेतलं. शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता कच्चा. ओहोळाच्या खळग्यात गाडीचा मागचा भाग खर्रकन घासला, पायरी वाकली. चाकांच्या मागं लांब शेपटी असलेली गाडी आपल्या वाड्या-वस्त्यांच्या कामाची नाही, हे तिथंच कळलं. शाळेच्या मैदानात गाडी लावली आणि पुढं सासूबाईंना खुर्चीत बसवून पोरांनी उचलून नेलं.

भाऊ अंगणात बसलेला. ओळखायला वेळ लागला त्याला. मग म्हणाला, "किती बारीक झालीस गं." दोन दिवस दोघं एकाच पडवीत होती. काय बोलत होती ते आम्ही कुणी ऐकलं नाही. आम्ही मैदानात गाडीत झोपलो. रात्री गावातल्या बायका कंदील घेऊन गाडी बघायला आल्या. एकेक जण आत जाऊन, संडासाचं दार उघडून, लावून बघत होती. बेडकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आता निर्णय. एकट्यानं एवढे पैसे गाडीत घालायचे आणि ती वर्षातले तीनशे दिवस दारात उभी, हे मला पटेना. वारणेची माणसं आम्ही, सहकारावर वाढलेली. नणंद आणि माझी एक शाळासोबतीण, अशी तीन घरं मिळून घेतोय. आमच्या वाट्याला प्लॉटच्या पैशातले निम्मेही जात नाहीत. तारखा दिवाळीला वाटून घ्यायच्या, दुरुस्तीसाठी महिन्याला वर्गणी काढायची. पण खासगी नोंदणीची गाडी बाहेरच्यांना भाड्यानं देता येत नाही, हे तिघींनी लिहून घेतलंय, कारण यांच्या मित्रांची रांग आत्ताच लागलीय. नोंदणी माझ्या नावावर. चाकं मोठी, शेपटी आखूड, पायरी नऊ इंचांवर आणि घडीची, दार दोन फुटांचं, आत दोन्ही बाजूंना स्टीलची दांडी. आगाऊ रक्कम गेल्या सोमवारी भरली.

सासूबाईंनी भावाला फोन करून सांगितलं, गणपतीला येते. आणि आमच्यांना म्हणाल्या, "टाकी ओतायची पाळी पहिली तुझी ना रे? आत्ताच सांगून ठेवते."