टाकाऊ वस्तूंपासून सणांची सजावट

घरातील वापरून झालेल्या किंवा निरुपयोगी ठरलेल्या वस्तूंपासून गणेशोत्सव, गौरी, दिवाळी, चैत्रगौर इत्यादी सणांसाठी मखर, तोरण, आकाशकंदील व आरास तयार करण्याच्या पद्धतीस टाकाऊ वस्तूंपासून सणांची सजावट असे म्हणतात. महाराष्ट्रात ती 'टाकाऊतून टिकाऊ' या नावाने परिचित आहे. शाळांतील कार्यानुभव या विषयामुळे हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला.

परंपरा

नाव अलीकडचे असले तरी व्यवहार जुना आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आरास डबे व खोकी एकावर एक रचून, त्यांवर जुनी रेशमी साडी पसरून मांडली जात असे. गौरींचे मुखवटे धान्याच्या कोठ्यांवर वा डब्यांवर बसवून त्यांना साडी नेसवली जाई. गणपतीच्या मखराला केळीचे खुंट, ऊस व आंब्याचे डहाळे पुरत. आकाशकंदील बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि घरी शिजवलेली खळ यांतून घरातील मंडळीच तयार करीत. यांपैकी बहुतेक वस्तू सण संपताच आपापल्या जागी परत जात किंवा गुरांच्या पुढ्यात पडत. वेगळा कचरा म्हणून फारसे काही उरत नसे.

दिवाळीतील मुलांचा किल्ला हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. दगड-विटांची रचना करून तीवर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरतात, त्यामुळे डोंगराचे उतार व कडे आपोआप साधतात. ओल्या मातीत हळीव किंवा मोहरी पेरली की काही दिवसांत हिरवळ उगवते. विकत आणायची ती फक्त मातीची चित्रे: सिंहासनावरील शिवाजी महाराज आणि मावळे. तीही वर्षानुवर्षे जपून वापरली जातात.

थर्माकोल आणि बंदी

विसाव्या शतकाच्या अखेरीस थर्माकोलच्या तयार मखरांनी ही रीत मागे पडली. थर्माकोल हलका, स्वस्त व कोरण्यास सोपा; परंतु तो कुजत नाही, आणि विसर्जनानंतर ओढ्यात वा कालव्यात पडला की त्याचे मणी सुटून पाण्यावर पसरतात. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती थर्माकोलच्या सजावटीस सूट मिळावी, ही व्यावसायिकांची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये फेटाळली. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाच्या एकल वापर प्लॅस्टिकबंदीतही सजावटीच्या थर्माकोलचा समावेश झाला. मुंबईतील कलाकार नानासाहेब शेंदकर यांनी घडी घालता येणारी पुठ्ठ्याची मखरे बंदीच्या पुष्कळ आधीच लोकप्रिय करण्याचा प्रयत्न केला होता.

साहित्य व कृती

शहरी घरांत खोक्यांचे पुठ्ठे, वर्तमानपत्रे, जुन्या साड्या, काचेच्या बरण्या व जुन्या बांगड्या अधिक वापरतात. बांगड्यांना उरलेली लोकर गुंडाळून त्या एकमेकींत ओवल्या की तोरण होते. लग्नपत्रिकांचा उपयोग विशेष आहे. त्यांवर गणपतीचे चित्र असल्याने त्या टाकून देण्यास मन धजत नाही आणि घरात गठ्ठे साठतात. हा जाड, सोनेरी छपाईचा कागद आकाशकंदिलाच्या पाकळ्यांसाठी उत्तम असतो.

ग्रामीण भागात साहित्य बदलते. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील लासुर्णे हे बारामती–इंदापूर रस्त्यावरील गाव नीरा डाव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यात येते. अशा गावांत उसाचे वाढे, कडब्याची ताटे, मक्याच्या कणसांची वाळलेली पाने, सुतळी व रिकामी पोती सहज मिळतात. कडब्याच्या ताटांची चौकट सुतळीने बांधून मागे साडीच्या निऱ्या सोडल्या की मखर उभे राहते. मक्याची पाने कोमट पाण्यात भिजवली असता मऊ होतात व त्यांची फुले वळता येतात. खतांची पोती मात्र नीट धुऊनच घ्यावी लागतात. कीटकनाशकांचे डबे व बाटल्या कितीही धुतल्या तरी वापरण्याजोग्या होत नाहीत.

कागदी कंदिलासाठी फुगा फुगवून त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे चार-पाच थर खळीने चिकटवतात. पूर्ण वाळल्यावर फुगा फोडून काढतात व नक्षीची भोके पाडतात. खळ गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची असते. तिच्यात थोडा मोरचूद घातल्यास कीड लागत नाही, परंतु तो विषारी असल्याने लहान मुले काम करीत असतील तेथे टाळावा. आत पणती न ठेवता कमी तापणारा एलईडी दिवा लावतात.

मर्यादा

टाकाऊ वस्तू वापरली म्हणजे कचरा टळलाच असे नाही. पुठ्ठ्यावर चमकी, प्लॅस्टिकचा कागद आणि ग्लूगनचा थर चढवला की तो रद्दीवालाही घेत नाही. एरवी लगद्यासाठी गेला असता तो पुठ्ठा मग कचऱ्यातच जातो. शालेय स्पर्धांसाठी नव्याकोऱ्या कागदी कपांची व स्ट्रॉची पाकिटे आणून 'टाकाऊतून टिकाऊ' वस्तू केल्या जातात, तेव्हा नावाशिवाय काहीच उरत नाही. त्यामुळे चिकटवण्याऐवजी बांधणे, ओवणे व घड्या घालणे या पद्धती अधिक उपयुक्त ठरतात. साडी पुन्हा नेसता येते, सुतळी सुटते, वाढे गुरांना जातात. लोकरीची तोरणे व पुठ्ठ्याची मखरे सुटी करून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवल्यास कसर न लागता पुढील वर्षी वापरता येतात.